टाळी आणि आमेन

कोल्हापुरातल्या शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांचा चमत्कारांचा कार्यक्रम ठरला, की नारळ पेटणार हे नक्की. शेंडीत सोडियमचा बारीक तुकडा आधीच खोचलेला असतो, वर 'मंत्रलेलं' पाणी शिंपडलं की धूर निघतो आणि ठिणगी पडते. मग लिंबातून रक्त निघतं, कारण सुरीला मेथिल ऑरेंज लावलेलं असतं. तेलाऐवजी पाणी घातलेला दिवा पेटतो, कारण तळाशी कॅल्शियम कार्बाइडचे खडे असतात. मुलं ओरडतात, मग प्रत्येक प्रयोगाची उकल ऐकून आणखी मोठ्यानं ओरडतात. आमच्या ख्रिस्ती घरांतली मुलंही त्या गर्दीत असतात. संध्याकाळी घरी येऊन ती सगळं साभिनय सांगतात आणि आईवडील खूश होतात: बघा, बुवा लोकांना कसे बनवतात ते! ही खुशी एका प्रश्नापाशी थबकते. मूल विचारतं, "मग काना गावच्या लग्नात येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला, तो कसा?" त्यावर बहुतेक घरांत पानं वाढायची घाई होते.

हे पुस्तक त्या प्रश्नाला पाठ न दाखवता लिहिलेलं आहे. लेखक विज्ञानाचे शिक्षक आहेत, जादूचे हौशी प्रयोगकार आहेत आणि ख्रिस्ती मंडळीचे सभासद आहेत. ही तिन्ही माणसं एकाच अंगरख्यात सुखानं नांदत नाहीत, आणि पुस्तकातली खरी रंगत त्यांच्या भांडणात आहे. प्रस्तावना लिहीन, पण मतभेद असतील तर तेही छापायचे, अशी अट मी घातली होती. त्यांनी ती हसत मान्य केली.

असं पुस्तक कोल्हापुरातून यावं, याला कारण आहे. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये इथं आले तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती समाजाची घडण झाली ती शाळा, छापील पुस्तक आणि दवाखाना यांच्या आधारानं. वाइल्डर मेमोरियल चर्च, आयर्विन ख्रिश्चन आणि एस्तेर पॅटन या शाळा, मेरी वॅनलेस हॉस्पिटल ही नावं शहरातल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक आहेत. तिकडे मिरजेत डॉ. विल्यम वॅनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं. मोतीबिंदूनं आंधळं झालेलं माणूस बैलगाडीतून तिथं जायचं आणि परतताना स्वतः रस्ता बघत यायचं. गावाच्या दृष्टीनं याहून मोठा चमत्कार कोणता? पण त्या चमत्काराची कृती पुस्तकात लिहिलेली होती, ती मराठी तरुणांना शिकवली जात होती, आणि ती फसली तर फसली असं सांगितलं जात होतं. आंधळ्याला दृष्टी देणाऱ्या प्रभूच्या नावानं सुरू झालेल्या रुग्णालयात चाकू उकळून घ्यावा लागतो, यात कुणालाही विसंगती वाटली नाही. आमच्या आजोबा-पणजोबांची श्रद्धा या मातीतली होती.

त्याच वेळी आजूबाजूला करणी होती, उतारा होता, अंगारा देणारा देवरुषी होता. बाप्तिस्मा घेतला म्हणून हे सगळं वेशीबाहेर राहिलं, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. देवरुष्याचा अंगारा बंद झाला आणि प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली आली, अशी घरं मी पाहिली आहेत. अलीकडे चंगाई सभांचे फलक लागतात, त्यांवर पांगळ्यांनी चालावं आणि बहिऱ्यांनी ऐकावं यासाठी तारीख आणि वेळही दिलेली असते. दुसऱ्याचा बुवा आपल्याला लगेच ओळखू येतो. आपला येत नाही.

मुंबईत २०१२ मध्ये हे सगळ्यांसमोर घडलं. विलेपार्ल्याजवळ इर्ला इथं वेलंकणी मातेच्या चर्चपाशी क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते तीर्थासारखं प्राशन करू लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जागेवर जाऊन पाहिलं आणि सांगितलं, की जवळची सांडपाण्याची वाट तुंबली आहे, ओल भिंतीतून आणि लाकडातून केशाकर्षणानं वर चढते आहे आणि पायांशी बाहेर पडते आहे. गणपती दूध प्यायला त्या १९९५ च्या सप्टेंबरात पृष्ठताण आणि केशाकर्षण हे शब्द आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना मोठ्या उत्साहानं समजावून सांगितले होते. इथं मात्र त्याच केशाकर्षणाचं नाव घेणाऱ्या माणसावर काही ख्रिस्ती संघटनांनी धार्मिक भावना दुखावल्याच्या, म्हणजे तेव्हाच्या दंडविधानातल्या कलम २९५ अ च्या, तक्रारी केल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. चर्चनं तो चमत्कार असल्याचा अधिकृत निर्वाळा कधीच दिला नव्हता. म्हणजे ज्या गोष्टीला खुद्द चर्चनं चमत्कार म्हटलं नाही, तिला गटार म्हणणाऱ्यावर गुन्हा! लेखकांनी हे प्रकरण पुस्तकात अगदी सुरुवातीला घेतलं आहे. काहींना ते टोचेल. टोचू दे.

येशू जादूगार होता, हा आरोप नवा नाही. तो ख्रिस्ती धर्माइतकाच जुना म्हणता येईल. दुसऱ्या शतकात केल्सस नावाच्या ग्रीक विचारवंतानं लिहिलं, की हा माणूस मिसर देशात जादू शिकून आला. बाजारात चार नाण्यांसाठी भुतं काढणारे आणि नसलेली मेजवानी मांडून दाखवणारे गारुडी आणि हा, यांत फरक तो काय? ओरिगेन या ख्रिस्ती पंडितानं साधारण २४८ च्या सुमारास त्याला सविस्तर उत्तर दिलं. येशूनं केलं ते कुणाला करताच येणार नाही, या दाव्यावर तो सारं ओझं टाकत नाही. त्याचा प्रश्न वेगळा आहे: कोणता गारुडी खेळ संपल्यावर प्रेक्षकांना आपलं आयुष्य सुधारायला सांगतो? हातचलाखीत मुरलेल्या माणसाला तशी इच्छाही नसते आणि तेवढी ऐपतही नसते.

मला हे उत्तर अजूनही सगळ्यांत भक्कम वाटतं. 'कसं केलं' हा प्रश्न जादूगाराच्या धंद्यातला आहे. 'कशासाठी केलं, कुणासाठी केलं आणि गल्ल्यावर कोण बसलं होतं' हा प्रश्न पवित्र शास्त्रातला आहे.

शास्त्र या दृष्टीनं पुन्हा वाचलं तर नवल वाटतं. फारोच्या दरबारात अहरोनाची काठी सर्प होते, तेव्हा मिसरी जादूगारही तेच करून दाखवतात. पाण्याचं रक्त आणि बेडूक इथपर्यंत ते बरोबरीनं चालतात, उवांपाशी त्यांचे हात टेकतात. म्हणजे नुसतं अद्भुत हा देवाचा पुरावा नाही, हे निर्गमच्या पुस्तकातच कबूल केलेलं आहे. अनुवाद या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात त्याहून कडक बजावणी आहे: एखाद्याचं चिन्ह खरं ठरलं तरी तो दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर त्याच्यामागे जाऊ नका. कॅथलिक बायबलात दानीएलाच्या चौदाव्या अध्यायातली बेल देवाची गोष्ट तर थेट चमत्कार उघडा पाडण्याची आहे. मूर्ती रोज रात्री नैवेद्य फस्त करते असं पुजारी सांगतात. दानीएल देवळाच्या जमिनीवर राख पसरतो, आणि सकाळी राखेत पुजाऱ्यांची, त्यांच्या बायकांची आणि पोरांची पावलं उमटलेली असतात. चोरदार सापडतं. आमच्या प्रॉटेस्टंट बायबलात हा भाग नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते. इतकं चांगलं प्रात्यक्षिक आपण हातचं घालवलं.

आणि येशू? सैतान त्याला धोंड्यांच्या भाकरी करायला सांगतो, मंदिराच्या टोकावरून उडी मारायला सांगतो. दोन्ही प्रयोगांना तो नकार देतो. परूशी चिन्ह मागतात तेव्हा तो उसासा टाकून नावेत बसून निघून जातो. अटक झाल्यावर त्याला हेरोदासमोर उभं करतात. हेरोद खूश आहे, कारण किती दिवस त्याला या माणसाचा एखादा चमत्कार पाहायचा होता. एक प्रयोग, आणि कदाचित जीव वाचला असता. येशू एक शब्दही बोलत नाही. याईराच्या मेलेल्या मुलीला उठवतो तेव्हा तो आधी गर्दी बाहेर काढतो आणि नंतर सांगतो, पोरीला काहीतरी खायला द्या. कानाच्या लग्नात भोजनकारभाऱ्याला पत्ता नाही, नवऱ्यामुलाला पत्ता नाही. पाणी भरणाऱ्या चाकरांना तेवढं ठाऊक. जगातल्या कुठल्या जादूगारानं आपला सर्वांत गाजलेला प्रयोग पाणक्यांपुरता ठेवला असता?

लेखकांच्या एका युक्तिवादाशी मात्र मी सहमत नाही. आंद्रे कोल या अमेरिकन ख्रिस्ती जादूगाराचा मार्ग धरून ते शुभवर्तमानातला एकेक चमत्कार घेतात, तो रंगमंचावर करायचा तर काय काय सामान लागेल हे दाखवतात, आणि त्या काळी हे अशक्य होतं असा निष्कर्ष काढतात. पाच हजारांच्या भाकरींचा हिशेब मजेदार आहे. पण यातून सिद्ध होतं ते इतकंच, की ही हातचलाखी नव्हती. 'गोष्ट सांगता सांगता वाढली' म्हणणाऱ्या वाचकाला त्यात उत्तर नाही. त्याच्याशी बोलायचं तर साक्षीदारांची, काळाची, हस्तलिखितांची चर्चा करावी लागते आणि शेवटी विश्वासाच्या उंबऱ्यावर यावं लागतं. तिथं विज्ञानाच्या शिक्षकानंही डस्टर खाली ठेवावा, त्यात कमीपणा नाही.

आता रंगमंचावरच्या जादूगाराविषयी. जादूचा खेळ पाहणं पाप आहे का, असं विचारणारे लोक अजून आहेत. अनुवादाच्या अठराव्या अध्यायातली जादूटोण्याची मनाई ते दाखवतात. प्रेषितांच्या कृत्यांत इफिसच्या लोकांनी पन्नास हजार रुप्याच्या नाण्यांची जादूची पुस्तकं जाळली, याची आठवण देतात. पण त्या पुस्तकांत पत्त्यांचे खेळ नव्हते. शक्ती विकत मिळते, भुतांना हुकूम सोडता येतो, असा दावा त्यांत होता. शोमरोनातल्या जादूगार शिमोनानं पेत्रापुढे पैसे ठेवले ते त्याच हिशेबानं. पुण्याचे जादूगार रघुवीर, त्यांचे चिरंजीव विजय, नातू जितेंद्र यांचा प्रयोग पाहायला मराठी माणूस तिकीट काढून बसत आला आहे, आणि दोन्ही बाजूंना ठाऊक असतं की ही फसवणूक ठरवून, आनंदानं चालली आहे. हा करार जादूगाराचा प्रामाणिकपणा आहे. तो तुटला की काय होतं, ते १९५६ च्या एप्रिलमध्ये लंडनला दिसलं. पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात मुलीला करवतीनं कापलं, ती उठून हसायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली, आणि पोरगी मेली म्हणून घाबरलेल्या लोकांचे फोन खणखणत राहिले. बुवा हा करार मुद्दाम लपवतो, इतकाच दोघांत फरक. पण तो फरक माणसाच्या जिवाएवढा आहे.

जादूची गुपितं फोडण्याच्या कामात ख्रिस्ती माणसं फार आधीपासून आहेत. रेजिनल्ड स्कॉट या इंग्रज गृहस्थानं १५८४ मध्ये चेटकिणींच्या समजुतीविरुद्ध जाडजूड ग्रंथ लिहिला. खेड्यातल्या म्हाताऱ्या, गरीब बायकांना चेटकीण ठरवून फासावर चढवलं जात होतं, त्यांना वाचवणं हा त्याचा हेतू. त्यासाठी त्यानं गारुड्यांच्या युक्त्या शिकून घेतल्या आणि आकृत्यांसह छापल्या: नाणं कसं नाहीसं होतं, सुरी दंडातून कशी आरपार गेलेली दिसते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तबकात ठेवण्याचा प्रयोग दुहेरी टेबलानं कसा होतो, तेही त्यात आहे. इंग्रजीतल्या जादूच्या पुस्तकांचा वंश या धर्मवेड्या काळातल्या विवेकी ख्रिस्ती माणसापाशी जाऊन पोचतो, हे आमच्या जादूगारांनाही फारसं ठाऊक नसतं.

दुसरा माणूस इटलीचा जॉन बॉस्को, पुढे संत झालेला. लहानपणी तो गावात दोरीवर चालायचा, हातचलाखी करायचा, आणि खेळाआधी लोकांकडून जपमाळ म्हणून घ्यायचा. विद्यार्थिदशेत त्याच्यावर काळ्या विद्येचा संशय आला आणि चर्चच्या एका अधिकाऱ्यानं त्याला चौकशीला बोलावलं. चौकशी चालू असताना अधिकारी किती वाजले ते पाहायला गेला, तर घड्याळ नाही. पाकीट पाहिलं, तेही नाही. बॉस्कोनं दोन्ही वस्तू काढून दिल्या, युक्ती समजावून सांगितली आणि प्रकरण हसण्यावारी मिटलं. पुढे त्यानं तुरिनच्या रस्त्यांवरची पोरं गोळा केली, त्यांना धंदा शिकवला. आज ख्रिस्ती जादूगार त्याला आपला आश्रयदाता संत मानतात. ओरिगेनाच्या प्रश्नाला हा माणूस थेट उत्तर आहे: खेळ संपल्यावर यानं खरंच पोरांची आयुष्यं सुधारली.

बॉस्कोच्या मार्गानं आज संडेस्कूलमध्ये जादू दाखवणारे पुष्कळ आहेत, आमचे लेखकही त्यांतले. काळा रुमाल पांढरा होतो, तुटलेली दोरी अखंड होते, आणि त्यावरून क्षमेचा धडा दिला जातो. याला माझी हरकत नाही. पण पुस्तकाच्या उत्तरार्धात 'कानाचा प्रयोग' म्हणून एक पान आहे: पेल्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी, दुसऱ्यात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब, ओतलं की गुलाबी. मुलांना फार आवडतो, असं ते लिहितात. आवडणारच. पण शास्त्रातला चमत्कार युक्तीनं करून दाखवला, की त्या मुलाच्या डोक्यात येशू आणि फिनॉल्फ्थॅलिन एका कपाटात जाऊन बसतात. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत ती बाटली पहिल्यांदा हातात येईल तेव्हा तो एकाच वेळी दोन्ही गोष्टी फेकून देईल. युक्तीनं धडा द्यावा, चमत्काराची नक्कल करू नये. हे पान पुढच्या आवृत्तीत काढावं, असं मी त्यांना पत्रानं कळवलं आहे. त्यांनी ते इथंही लिहायला सांगितलं.

उकल झाली की आश्चर्य मरतं, ही भीती मला पोकळ वाटते. आमच्या शहरात अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. वाटेतल्या इमारतींचा अडथळा किती, किरण कुठवर पोचले, याची मोजणी होते, आकडे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतात, आणि तरी गर्दी हात जोडून उभी असते. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ च्या जूनमध्ये मोठं आध्यात्मिक जागरण झालं. एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असं त्या काळच्या मिशनरी वृत्तान्तात आहे. त्या बादलीमुळे मला तो वृत्तान्त जास्त विश्वासाचा वाटतो. आधी विझवायला धावणारी बाई साक्षीदार म्हणून चांगली.

महाराष्ट्रात या विषयावर लिहिताना दोन नावं गाळून पुढे जाता येत नाही. चमत्कारांची जाहीर तपासणी करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेत वैद्यकी शिकले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात मारले गेले. कम्युनिस्ट नेते कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरातच गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले. दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं, साप किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखणं, बोटांनी शस्त्रक्रिया केल्याचा दावा करणं, हे त्यात गुन्हे आहेत. प्रार्थना, उपासना, दिवंगत संतांच्या चमत्कारांच्या कथा यांना त्यानं हात लावलेला नाही. तरी काही मंडळ्यांत कुजबुज झाली, की आता आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करायची नाही का? करायची. पैसे घ्यायचे नाहीत आणि डॉक्टर सोडायला सांगायचं नाही. या कायद्याचं स्वागत आम्ही सर्वांत आधी करायला हवं होतं. पेत्रानं शिमोनाचे पैसे धुडकावले त्या ओळी आमच्याच शास्त्रात आहेत.

असा कायदा नसेल तिथं काय होतं, ते अमेरिकेनं पाहिलं. पीटर पॉपॉफ हे उपदेशक हजारोंच्या सभेत अनोळखी माणसाचं नाव, पत्ता, आजार अचूक सांगायचे. १९८६ मध्ये जादूगार जेम्स रँडी यांच्या माणसांनी सभागृहात रेडिओ ऐकण्याचं यंत्र नेलं आणि ३९.१७ मेगाहर्ट्झवर पॉपॉफ यांच्या पत्नीचा आवाज पकडला. प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांवरची माहिती त्या नवऱ्याच्या कानातल्या यंत्रात वाचून दाखवत होत्या. अशा वेळी जादूगार हा मंडळीचा मित्र ठरतो, कारण यंत्र कुठे दडवता येतं हे त्यालाच ठाऊक असतं.

कॅथलिक चर्चनं तपासणीची व्यवस्था फार पूर्वीच केली. फ्रान्समधल्या लूर्दला १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरं झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी तिथं आल्या. २०१८ पर्यंत त्यांतल्या ७० चमत्कार म्हणून मान्य झाल्या. ही व्यवस्थाही वादातून सुटलेली नाही. मदर तेरेसांच्या धन्यघोषणेसाठी मोनिका बेसरा या बंगाली बाईची गाठ बरी झाल्याचा चमत्कार मान्य केला गेला, तेव्हा तिच्या उपचारांशी संबंधित डॉक्टर म्हणाले, की ती क्षयाच्या औषधांनी बरी झाली. लेखकांनी दोन्ही बाजू मांडल्या आहेत आणि निकाल दिलेला नाही. मी तिथं डॉक्टरांच्या बाजूनं आहे. मदरची थोरवी त्या गाठीवर अवलंबून नव्हती.

आम्हा प्रॉटेस्टंटांकडे लूर्दसारखं कार्यालय नाही. आमच्याकडे रविवारची साक्ष असते आणि तिच्यावर आमेन असतं. म्हणून पुस्तकाच्या शेवटी लेखकांनी मंडळीच्या पंचांसाठी प्रश्नावली दिली आहे, आणि माझ्या मते घाईत असलेल्या वाचकानं तिथूनच सुरुवात करावी. आजाराचं निदान कुणी केलं होतं? आधीचे आणि नंतरचे कागद आहेत का? औषध चालू आहे का? सभेत कुणी पैसे मागितले का, आणि पावती दिली का? मधुमेहाच्या गोळ्या बंद करून साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाचं काय करायचं, हे मात्र त्यांनी पंचांवर सोडलं आहे. मला विचाराल तर ते काम पाळकसाहेबांचं आहे, आणि त्यांनी ते त्याच रविवारी, त्याच व्यासपीठावरून, आमेन म्हणण्याआधी करायचं आहे.